शिक्षक-मूल्यमापन : सरकारी शाळा आणि घरचा वाटा

शिक्षक-मूल्यमापन : सरकारी शाळेतला शिक्षक कसा शिकवतो हे ठरवण्याच्या पद्धती, आणि त्यांवरून सातपुड्याच्या दोन्ही अंगांना, म्हणजे महाराष्ट्रात आणि मध्य प्रदेशात, दीडशे वर्षे चाललेला वाद. वादाची गाठ साधी आहे. शिक्षकाचे काम मुलाच्या निकालावरून मोजायचे असे ठरले, की त्या निकालात शाळेबाहेरचेही बरेच काही येऊन मिसळते : घरात कोणती भाषा बोलतात, पोटात काय पडले आहे, वही पाहणारे कोणी मोठे माणूस आहे का, सुगीला मूल शाळेत असते की शेतात. मास्तरांचे श्रेय कुठे संपते आणि आईबापांचे कुठे सुरू होते हे गुणपत्रिकेवर लिहिलेले नसते. तरी दर पिढीत सरकार तीच गुणपत्रिका मास्तरांपुढे धरते.

या पद्धतीचा पहिला मोठा प्रयोग विलायतेतला. 1862 च्या सुधारित संहितेनुसार इंग्लंडमधल्या अनुदानित प्राथमिक शाळांना दर मुलामागे 12 शिलिंग मिळू शकत. त्यांपैकी 4 हजेरीचे आणि उरलेले 8 वाचन, लेखन व अंकगणित या तीन विषयांत मूल तपासनिसापुढे पास झाले तरच. नापास विषयामागे 2 शिलिंग 8 पेन्स कापले जात. कवी मॅथ्यू आर्नल्ड हे स्वतः शाळा-तपासनीस होते आणि त्यांनीच या पद्धतीवर सर्वांत कडक टीका केली. शिकवणे यांत्रिक होते आणि मुले तपासणीपुरती पढवली जातात, असे त्यांचे म्हणणे होते. निकालावर अनुदान देण्याची ही रीत त्याच दशकात मुंबई इलाख्यातही आली. पुढे 11 मार्च 1904 च्या शिक्षणविषयक ठरावात लॉर्ड कर्झन यांच्या सरकारने तिला निरोप दिला. ठराव झाला, पण रीत गेली नाही. तपासणीला डिप्टीसाहेब येणार म्हणून सारवलेली शाळा आणि पुढच्या बाकावर आणून बसवलेली हुशार पोरे हे चित्र शेरेबुकाच्या जमान्यात टिकले, आणि आता मोबाईलवर फोटो पाठवण्याच्या जमान्यातही टिकून आहे.

जोतीराव फुले यांनी 19 ऑक्टोबर 1882 रोजी सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगाला दिलेले निवेदन या विषयाचे मराठी मुलखातले मूळ कागदपत्र मानावे लागते. त्यात वादाच्या दोन्ही बाजू एकाच माणसाने मांडल्या आहेत. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या मुलांवर होतो, ही त्यांची पहिली तक्रार. कौटुंबिक वारशाचा प्रश्न त्यांनी असा थेट तिजोरीपाशी नेऊन ठेवला. दुसरी तक्रार शिक्षकांबद्दल होती. बहुतेक मास्तर ब्राह्मण असून रयतेच्या मुलांपासून ते दूर राहतात, असे त्यांचे म्हणणे. त्यांना शेतकरी जातींतले, प्रशिक्षित, वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरायला न लाजणारे शिक्षक हवे होते. पगार महिना 12 रुपयांच्या खाली नको, मोठ्या गावात 15 ते 20 असावा, असा आकडाही त्यांनी दिला. आणि ज्या मास्तराची जास्त मुले पास होतील त्याला पगाराशिवाय वेगळे बक्षीस द्यावे, असेही सुचवले. आजच्या वादात फुल्यांचे नाव दोन्ही बाजू घेतात; हे बक्षिसाचे कलम शिक्षक संघटना सहसा वाचत नाहीत, आणि पगाराचे कलम सरकार वाचत नाही. एक मात्र लक्षात ठेवायला हवे. फुल्यांच्या मांडणीत बक्षीस शेवटी येते. आधी पोटापुरता पगार, गावात मान, आणि मुलांच्या जगाशी ओळख असलेला माणूस.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 मध्ये सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आणले, तेव्हा मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना 1 रुपया दंड ठेवला होता. जबाबदारीचा काटा घराकडे वळवल्याचे हे एक ठळक उदाहरण. त्यानंतर तो बहुतेक वेळा शिक्षकाकडेच वळलेला दिसतो.

स्वातंत्र्यानंतरच्या कोठारी आयोगाचे (1964–66) सदस्य-सचिव कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक होते. चांगले शिक्षण गुणवत्तेवर नव्हे तर फी भरण्याच्या ऐपतीवर मिळते, असे निदान करून आयोगाने समान शाळा आणि शेजारशाळा यांची शिफारस केली : एका वस्तीतली सगळी मुले, कलेक्टराची आणि कोतवालाचीही, एकाच शाळेत. शिफारस कागदावर राहिली. ती अमलात आली असती तर शिक्षक-मूल्यमापनाचा निम्मा प्रश्न आपोआप सुटला असता, कारण ज्याच्या शब्दाला वजन आहे असा पालक त्याच शाळेच्या दारात उभा राहिला असता.

मध्य प्रदेशात गोष्ट वेगळ्या वळणाने गेली, आणि बुरहानपूर जिल्ह्यातल्या धूलकोटसारख्या भागाला ती थेट लागू पडते. (बुरहानपूर 15 ऑगस्ट 2003 रोजी खंडव्यातून वेगळा जिल्हा झाला; त्याआधीचे सगळे खंडव्याच्या, म्हणजे पूर्व निमाडच्या, खात्यावर.) नव्वदच्या दशकात राज्याने कायम सहायक शिक्षकांची भरती थांबवून तो संवर्गच ‘मृत’ ठरवला आणि पंचायतीमार्फत कमी पगाराचे शिक्षाकर्मी नेमायला सुरुवात केली. 1 जानेवारी 1997 रोजी शिक्षण हमी योजना आली. एक किलोमीटरच्या आत शाळा नसेल आणि आदिवासी भागात 25, इतरत्र 40 मुलांसाठी मागणी आली, तर 90 दिवसांत ‘गुरुजी’ देण्याची हमी सरकारने दिली. काही वर्षांत अशा 26,000 च्या वर शाळा उघडल्या. डोंगरातल्या ज्या फाल्यांवर, म्हणजे वस्त्यांवर, कधी खडू पोचला नव्हता तिथे तो पोचला, हे नाकारता येणार नाही. पण गुरुजी स्थानिक, बहुधा स्वतःच घरातला पहिला शिकलेला, आणि मानधन सुरुवातीला महिना 500 रुपये. शेजारच्या गावात तेच पुस्तक शिकवणाऱ्या जुन्या शिक्षकाचा पगार त्याच्या कितीतरी पट. एकाच राज्यात सहायक शिक्षक, शिक्षाकर्मी, गुरुजी, संविदा शिक्षक, अतिथी शिक्षक अशी उतरंड लागली. 2007 मध्ये अध्यापक संवर्ग करून आणि 2018 मध्ये त्यांना शिक्षण विभागात सामावून घेऊन तिचा काही भाग मिटवला गेला. मधल्या काळात संविदा शिक्षकांच्या पात्रता परीक्षाच व्यापमं, म्हणजे राज्याच्या परीक्षा मंडळाच्या, घोटाळ्यात सापडल्या. शिक्षक पारखून घेण्याची चाळणीच विकाऊ निघाली, तेव्हा पुढच्या साऱ्या मूल्यमापनावरचा विश्वास उडाला तर त्यात नवल नाही.

मुलांची पातळी तपासण्यासाठी राज्याने 2011 पासून ‘प्रतिभा पर्व’ चालवले. शाळांवर देखरेखीला जनशिक्षा केंद्रे आणि जनशिक्षक होतेच. सर्वांत कडक पाऊल 2019 मधले. ज्या शाळांचा दहावीचा निकाल 30 टक्क्यांच्या खाली होता त्यांच्या शिक्षकांचीच परीक्षा घेतली गेली, तीही पुस्तक उघडून लिहिण्याची मुभा देऊन. नापासांना दुसरी संधी मिळाली. तरीही नापास झालेल्यांपैकी 16 जणांना त्या वर्षाअखेर सक्तीने निवृत्त केले. पुस्तक समोर असताना उत्तर सापडत नसेल तर त्या माणसाने वर्गात उभे राहू नये, हे मान्यच आहे. आक्षेप निवडीवर आहे. परीक्षेला कोण बसणार हे दहावीच्या निकालाने ठरले, म्हणजे पुन्हा घरासकट मोजलेल्या आकड्याने. शहरातल्या ज्या शाळेत मुलांच्या शिकवण्या निकाल ओढून नेतात, तिथला तितकाच कच्चा शिक्षक या जाळ्यात सापडायचे कारणच नव्हते.

घर म्हणजे नेमके काय, हे सातपुड्याच्या कुशीत जास्त स्पष्ट दिसते. बुरहानपूरच्या आदिवासी पट्ट्यात बारेला, भिलाला, कोरकू कुटुंबे आहेत. बारेली ही भिली गटातली भाषा, हिंदीची लांबची नातलग. कोरकू तर मुंडा कुळातली; हिंदीशी किंवा मराठीशी तिचे रक्ताचे नातेच नाही. कोरकू मूल पहिलीत बसते तेव्हा अक्षर आणि भाषा या दोन अनोळखी गोष्टींना एकदम सामोरे जाते. डोंगराच्या दक्षिणेला मेळघाटात हेच मराठी शाळेत घडते, उत्तरेला हिंदी शाळेत. त्यात कामासाठीचे स्थलांतर. आईबाप मजुरीला बाहेरगावी निघाले की मूल पाठीमागे राहत नाही, आणि हजेरीपटावर ‘गैरहजर’ असा शेरा मात्र शाळेच्या नावे जमा होतो. याच्या उलट बुरहानपूर शहरातले दुकानदाराचे किंवा शिक्षकाचेच मूल. शाळेची भाषा त्याच्या घरात जन्मापासून आहे, आणि फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हणत ते त्याच्या दप्तरात आधीच भरलेले आहे. या भांडवलाला कोणी वशिला म्हणत नाही. वशिल्याचे काम ते चोख करते.

शिक्षक वर्गात असतात का, या प्रश्नावर दोन आकडे सतत एकमेकांवर फेकले जातात. 2003 च्या सुमारास झालेल्या देशव्यापी पाहणीत अचानक भेटीच्या वेळी सरकारी प्राथमिक शाळांतले 25 टक्के शिक्षक जागेवर नव्हते; महाराष्ट्रात 14.6, मध्य प्रदेशात 17.6 टक्के. 2017 मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशनने 619 शाळा पाहिल्या. गैरहजेरी 18.5 टक्के भरली, पण विनाकारण गैरहजर फक्त 2.5 टक्के, बाकीचे रजेवर, प्रशिक्षणाला किंवा सरकारी कामावर. शिक्षण हक्क कायद्याचे कलम 27 जनगणना, आपत्ती-निवारण आणि निवडणूक एवढीच बाहेरची कामे देण्याची मुभा देते. मतदार याद्यांचे काम निवडणुकीतच मोडत असल्याने ही फट चांगलीच रुंद आहे. दोन्ही पाहण्या खऱ्या आहेत. मुलाच्या बाजूने पाहिले तर मास्तर कारणाने गेले की विनाकारण, फळा कोराच राहतो.

खासगी शाळा चांगल्या शिकवतात हा समजही याच गाठीत अडकलेला आहे. ग्रामीण मुलांची पातळी तपासणाऱ्या ‘असर’ पाहण्यांत खासगी शाळांतली मुले वाचनात पुढे असतात. सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी देशात 2022 मध्ये 16.3 टक्के होती, ती 2024 मध्ये 23.4 टक्के झाली. वाढ झाली, तरी चारातली तीन मुले अजून वाचत नाहीत, आणि याचे खापर कोणावर फोडायचे याबद्दल आकडा मुका आहे. आंध्र प्रदेशातल्या एका प्रयोगात 180 गावांत सोडत काढून काही सरकारी शाळेतल्या मुलांना खासगी शाळेची फी देण्यात आली. चार वर्षांनी तेलुगू आणि गणितात ती सरकारी शाळेतच राहिलेल्यांच्या बरोबरीचीच निघाली. पुढे होती ती हिंदीत. मात्र खासगी शाळांचा दर मुलामागचा खर्च सरकारीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होता, आणि सरकारी शाळांच्या कैवाऱ्यांना हे उत्तर गैरसोयीचे आहे. त्याच राज्यात शिक्षकांना बक्षीस देण्याचाही प्रयोग झाला. त्यात मुलाची पातळी न पाहता त्याने मागच्या वेळेपेक्षा किती मजल मारली ते पाहिले, आणि दोन वर्षांत गणित व भाषा दोन्ही सुधारले. वजाबाकीने घराचा बराचसा वाटा बाजूला काढता येतो, तो असा. अर्थात ही वजाबाकीही अचूक नाही. अमेरिकेत अशाच हिशेबावर शिक्षकांना नोकरीवरून काढण्यापर्यंत मजल गेली, तेव्हा तिथल्या संख्याशास्त्र संघटनेने 2014 मध्ये सावध केले, की गुणांतल्या फरकांपैकी शिक्षकामुळे पडणारा वाटा बहुतेक अभ्यासांत 1 ते 14 टक्के एवढाच येतो.

घरच्या वारशाला कायद्याने धक्का देण्याचे दोन प्रयत्न नोंदवायला हवेत. शिक्षण हक्क कायदा, 2009 मधील कलम 12(1)(ग) नुसार खासगी विनाअनुदानित शाळांत पहिलीच्या 25 टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी आहेत. महाराष्ट्र सरकारने 9 फेब्रुवारी 2024 रोजी नियम बदलून एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना यातून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्याला स्थगिती दिली आणि 19 जुलै 2024 रोजी हा बदल रद्द केला. त्याआधी 18 ऑगस्ट 2015 रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातल्या सरकारी नोकरांनी आणि लोकप्रतिनिधींनी आपली मुले सरकारी प्राथमिक शाळांतच घालावीत अशी तजवीज करण्याचा आदेश दिला होता. कोठारी आयोगाची शेजारशाळाच ही, फक्त न्यायालयाच्या तोंडून. तो आदेश प्रत्यक्षात उतरला नाही.

सध्याचा वाद शिक्षक पात्रता परीक्षेचा, म्हणजे टीईटीचा आहे. 23 ऑगस्ट 2010 च्या अधिसूचनेने ती नव्या शिक्षकांसाठी सक्तीची झाली. 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, महाराष्ट्रातूनही गेलेल्या अपिलांवर निकाल देताना, नोकरीत असलेल्या पहिली ते आठवीच्या शिक्षकांनाही ती लागू केली. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्यांनी दोन वर्षांत ती उत्तीर्ण व्हावी, नाहीतर सक्तीची निवृत्ती. पाच वर्षांपेक्षा कमी उरलेल्यांची नोकरी राहील, बढती नाही. वीस-पंचवीस वर्षे शिकवलेल्यांना ही मानहानी वाटते. पालकांना वाटते की डॉक्टरही परीक्षा देऊनच डॉक्टर होतो. दोघांचेही बरोबर आहे, पण ही परीक्षा शिक्षकाला काय येते ते सांगते. वर्गात बसलेल्या मुलाचे बोलणे त्याला कळते का, ते सांगत नाही. पहिली ते पाचवीचा पेपर 150 गुणांचा, त्यांपैकी 60 गुण दोन भाषांचे. धूलकोटला शिकवायचे असो की मेळघाटातल्या धारणीला, त्या भाषांच्या यादीत बारेली नाही आणि कोरकूही नाही.