काँग्रेस गवत, 'पित्त' आणि हिस्टामिन

आजचा धागा थोडा वेगळा आहे. यात राजे नाहीत, लढाया नाहीत. एक परदेशी तण आहे, एक धरण आहे आणि आपल्याच शरीरात दडलेले एक रसायन आहे.

भाद्रपदात करमाळा किंवा माढा तालुक्यातून उजनीच्या फुगवट्याकडे निघालात, तर रस्त्याच्या कडेला, कालव्याच्या भरावावर, गावठाणाच्या मोकळ्या जागेत गाजराच्या पानांसारखी पाने आणि बारीक पांढरी फुले असलेले एक झुडूप सर्वत्र दिसते. हेच गाजर गवत. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस, मूळ भूमी उष्णकटिबंधीय अमेरिका. जुन्या पिढीच्या तोंडी मात्र 'काँग्रेस गवत' हेच नाव. कोणी म्हणते, पांढरा शेंडा टोपीसारखा दिसतो म्हणून. कोणी म्हणते, काँग्रेसच्या राज्यात अमेरिकी गव्हाबरोबर आले म्हणून.

ही गव्हाची कथा सर्वांना पाठ आहे: 'पीएल-४८०'चा गहू आला आणि त्यातून हे बी आले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे तारखा तपासाव्यात. हा अमेरिकी कायदा जुलै १९५४ चा. त्याखालील भारताचा पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला. हे तण मात्र पुण्यात १९५५ च्या सुमारासच नजरेस आले होते, आणि १९५६ मध्ये आर. एस. राव यांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात त्याची नोंद प्रसिद्ध केली. म्हणजे पहिले बी त्या कराराच्या गव्हातून आलेले असणे कठीण. अमेरिकेचा गहू त्याआधीही, १९५१ च्या अन्नसाहाय्य कायद्याखाली, कर्जाऊ आला होता. शिवाय डेहराडूनच्या वनस्पतिसंग्रहात या झुडपाचा १८८० चा नमुना असल्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतात. धान्याच्या आयातीने प्रसाराला हातभार लावला असेल; आरंभाचे सगळे श्रेय तिला देता येत नाही.

या तणाला उकरलेली, उघडी, पडीक जमीन फार मानवते. भीमेवरील उजनी धरणाचे काम १९६९ मध्ये सुरू झाले आणि १९८० मध्ये ते पूर्ण झाले. सुमारे ११७ टीएमसी पाण्यासाठी गावेच्या गावे उठली. केत्तूर, वांगी ही नावे नव्या गावठाणांना क्रमांक लावून उरली. कालवे खोदले गेले, भराव पडले, रस्ते फिरले. उन्हाळ्यात धरण 'मायनस'मध्ये जाते तेव्हा मैलोगणती काठ उघडा पडतो. माझ्या मते, गाजर गवताला याहून सोयीची भूमी कोणी आखून दिली नसती.

आता शरीराकडे वळू. फुलोऱ्याच्या दिवसांत सकाळी शिंकांची माळ लागते, डोळे चुरचुरतात, कोणाच्या अंगावर गांध्या येतात. गांध्यांना आपण म्हणतो 'पित्त उठले', आणि आमसुलाचे पाणी लावतो. यकृतातील पित्ताचा येथे काही संबंध नाही. हे काम हिस्टामिनचे. (गंमत अशी की पोटातले आम्ल वाढवणारे एक रसायनही हिस्टामिनच आहे.)

हे रसायन १९०७ मध्ये जर्मनीत प्रयोगशाळेत तयार झाले. १९१० मध्ये लंडनच्या हेन्री डेल आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी त्याचे परिणाम वर्णन केले: रक्तदाब घसरतो, श्वासनलिका आकसतात. ते शरीरात मुळातच असते हे १९२७ मध्ये सिद्ध झाले. ते कोठे साठते, याचे उत्तर १९५३ मध्ये रायली आणि वेस्ट यांनी दिले: मास्ट पेशींच्या कणिकांत. म्हणजे पुण्यात तण दिसू लागले त्याच सुमारास हा धागा जुळत होता. पेशीला इशारा देणारे आयजीई हे प्रतिपिंड ओळखले जायला मात्र १९६६-६७ उजाडले.

प्रक्रिया अशी. परागकण पहिल्यांदा नाकात शिरतो तेव्हा लक्षणे दिसत नाहीत. काही जणांचे शरीर त्यातील प्रथिनाविरुद्ध आयजीई बनवते आणि ते मास्ट पेशींच्या पृष्ठभागावर जाऊन बसते. पुन्हा तोच पराग आला की तो शेजारच्या दोन आयजीईंना एकत्र बांधतो. पेशीत कॅल्शियम शिरते, कणिका फुटतात, हिस्टिडिन या अमिनो आम्लापासून आधीच बनवून ठेवलेले हिस्टामिन बाहेर पडते. सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींत फटी पडतात, द्रव पाझरतो, सूज येते; चेतातंतू चेतवले जातात, खाज व शिंका सुरू होतात. सारे काही मिनिटांत. मेंदूत हेच रसायन आपल्याला जागे ठेवते. म्हणून त्याला अडवणाऱ्या जुन्या गोळ्यांनी झोप येते.

पण खुरपणी करणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर, पापण्यांवर, मानेवर, कोपराच्या खोबणीत येणारे चिघळणारे चट्टे हा निराळा आजार आहे. सत्तरच्या दशकात पुण्याचे डॉ. लोणकर आणि त्यांचे सहकारी मिचेल व कॅल्नन यांनी या त्वचादाहाचे वर्णन प्रसिद्ध केले (१९७४). त्याचे कारण परागातील प्रथिन नव्हे, तर पाने-खोडांवरील पार्थेनिन हे विषारी द्रव्य. ते कातडीच्या प्रथिनांना चिकटते, आणि तेथे प्रत्युत्तर देतात टी-पेशी, एक-दोन दिवसांनी. त्या प्रत्युत्तरात हिस्टामिनचा वाटा दुय्यम. म्हणूनच दुकानातून आणलेल्या ॲलर्जीच्या गोळीने शिंका थांबतात, चट्टे तसेच राहतात. बाईला वाटते, गोळीच खोटी. गोळी खरी असते. आजार दुसरा असतो.

दोन्हींच्या चाचण्याही निरनिराळ्या. परागाचा थेंब टाकून सुई टोचली, तर पंधरा-वीस मिनिटांत गांधी उठते. पानांच्या अर्काची पट्टी पाठीवर चिकटवली, तर ती अठ्ठेचाळीस तासांनी उघडून पाहावी लागते. उजनीकाठच्या मजूर बाईसाठी याचा अर्थ शहराच्या दोन खेपा आणि दोन दिवसांची बुडालेली मजुरी. बहुतेक वेळा ती पहिल्या खेपेलाही जात नाही. पदर तोंडावर ओढून पुन्हा त्याच बांधावर खुरपे चालवते.