रे रोडची ट्रान्सपोर्ट पेढी

रे रोड हा मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरचा, गोदीला लागून असलेला पट्टा. १८८५ ते १८९० या काळात गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांच्या नावाचा हा रस्ता आज बॅरिस्टर नाथ पै मार्ग झाला आहे. जुने नाव हार्बर मार्गावरच्या स्थानकाने टिकवले. लाकडी बंदरावर इमारती लाकूड, दारूखान्यात लोखंड आणि भंगार, शेजारच्या कॉटन ग्रीनला कापूस आणि धान्य अशी येथील मालाची वाटणी होती. या मालावरच घरगुती वाहतूक पेढ्या वाढल्या.

वाहतुकीचा धंदा मोटारीपूर्वीचा आहे. भाडे, जकात आणि वाटखर्च धरून एकरकमी बोलीवर माल पोहोचवणाऱ्याला मराठीत हुंडेकरी म्हणत. गोदीतला माल बैलगाड्या आणि हातगाड्यांवरून गोदामांत जाई. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने जवळच शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला आणि लॉरी शहराच्या ओळखीची झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या जुन्या लॉऱ्या विक्रीला निघाल्या. १९५४ पासून टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यातून मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने बनलेले ट्रक येऊ लागले.

पेढीची रचना साधी होती. वडीलधारा माणूस गाळ्यात बसून बुकिंग घेई आणि बिल्टी फाडी, एक भाऊ गोदीत आणि नाक्यावर धावे, दुसरा गाड्यांच्या दुरुस्तीकडे पाही. नफा परतीच्या भाड्यावर ठरे, कारण रिकामी परतणारी गाडी गेलेल्या फेरीची कमाई खाई. त्यामुळे बाहेरगावी ओळखीचा अडत्या असणे हे गाडीइतकेच मोठे भांडवल होते. या धंद्यात पंजाबी, कच्छी-गुजराती आणि घाटावरची मराठी घराणी होती. चढ-उतार माथाडी करत. त्यांत सातारा-सांगलीकडचे पुष्कळ. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यांची मजुरी आणि नोंदणी मंडळांच्या कक्षेत आणली.

पेढीचा खरा आधार होता परवाना. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने परवाने प्रादेशिक प्राधिकरणांच्या हाती दिले, आणि रेल्वेला रस्त्याची स्पर्धा जाचू नये हाही त्यामागे एक हेतू होता. परवाने मोजके असल्याने हाती असलेल्याला मोल आले. धारक वारल्यास प्राधिकरणाच्या मान्यतेने परवाना वारसाच्या नावे होई. १९७५ मध्ये राष्ट्रीय परवाना योजना आली, पण तीही सुरुवातीला ठरावीक कोट्यातच. परवाना आणि गोदीची जवळीक या दोन गोष्टींवर दोन पिढ्या चालल्या.

हे दोन्ही आधार १९८९ मध्ये पाच-सहा आठवड्यांच्या अंतराने ढासळले. २६ मे रोजी न्हावाशेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि १ जुलैला १९८८ चा नवा मोटार वाहन कायदा लागू झाला. परवाना मागणाऱ्याला सहसा नकार देऊ नये, असे नव्या कायद्याचे धोरण होते. त्यामुळे जुन्या परवान्याचे दुर्मीळपण संपले. नव्या बंदरात कंटेनर वाढला. कंटेनरला सुटा माल वाहणारा ट्रक नव्हे, तर ट्रेलर लागतो. ट्रेलरला मोठे भांडवल आणि उभे राहायला मोकळे आवार लागते. रे रोडच्या अरुंद गल्ल्यांत ते नव्हते.

त्याआधीच १९८२ च्या संपाने गिरण्यांचा माल आटला होता. पुढे घाऊक बाजार वाशीला आणि लोखंड बाजाराचा मोठा भाग कळंबोलीला गेला. गोदामे भिवंडीत वाढली. जकात नाक्यांवरची रखडपट्टी सांभाळणे ही या पेढ्यांची एक हातोटी होती. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला, मुंबईची जकात संपली आणि त्या हातोटीची गरजही उरली नाही. काही घराण्यांनी गाड्या विकून नुसती दलाली ठेवली, काही कळंबोलीला गेली, तर अनेकांची पुढची पिढी या धंद्यात उतरलीच नाही.

२०१३ पासून पूर्व मुक्त मार्ग या भागावरून जातो. जड मालवाहू गाड्यांना त्यावर प्रवेश नाही. दारूखान्यातले ट्रक अजून खालच्याच रस्त्याने ये-जा करतात.