पाळकीय समुपदेशन आणि मानसोपचाराची शिफारस

मन मोकळे करायला आलेल्या माणसाला चर्चच्या पाळकाने, फादरने किंवा अन्य धर्मगुरूने मानसोपचारतज्ज्ञाकडे, मानसशास्त्रज्ञाकडे अथवा प्रशिक्षित समुपदेशकाकडे जायला सुचवण्याची पद्धत. तिची घडण प्रामुख्याने विसाव्या शतकात अमेरिकेतील प्रॉटेस्टंट चर्चमध्ये झाली. तिच्यावरचा सर्वात गाजलेला न्यायालयीन वादही तिथलाच.

बॉस्टनमधील इमॅन्युएल चर्चचे एलवूड वूस्टर यांनी 1906 मध्ये मनोविकारांसाठी एक उपक्रम सुरू केला. येणाऱ्या व्यक्तीला आधी डॉक्टरांनी तपासायचे आणि मगच पाळकाने बोलायचे, असा त्यांचा क्रम होता. पुढचे पाऊल अँटन बॉइसेन यांचे. 1920 मध्ये स्वतःला तीव्र मानसिक आजाराचा झटका आल्याने ते रुग्णालयात दाखल होते. 1925 च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर राज्य रुग्णालयात त्यांनी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मनोरुग्णांमध्ये राहून शिकण्यासाठी बोलावले. आज पाश्चात्त्य धर्मशिक्षणात रूढ असलेल्या रुग्णालयीन पाळकीय प्रशिक्षणाचा हा प्रारंभ मानला जातो. वेडाचा अनुभव घेतलेल्या माणसानेच पाळकांना रुग्णापुढे बसायला शिकवले, ही बाब अनेक इतिहासांत एका ओळीत उरकली जाते. ती त्याहून मोठी आहे.

अशा शिक्षणाची गरज 1957 च्या एका राष्ट्रीय पाहणीत उघड झाली. व्यक्तिगत अडचणीत मदत घेतलेल्या अमेरिकनांपैकी 42 टक्के लोक धर्मगुरूंकडे गेले होते, 29 टक्के डॉक्टरांकडे, आणि मानसोपचारतज्ज्ञ वा मानसशास्त्रज्ञांकडे जेमतेम 18 टक्के. पहिले दार चर्चचेच होते. त्या दारातून माणूस पुढे कुठे जातो, हा खरा प्रश्न होता.

या प्रश्नाला सर्वांचे उत्तर एक नव्हते. जे ॲडम्स यांनी 1970 मध्ये ‘कॉम्पिटंट टू काउन्सेल’ हे पुस्तक लिहून मानसोपचाराच्या प्रचलित पद्धतींवर हल्ला चढवला. शारीरिक कारणांचे आजार डॉक्टरांकडे सोपवावेत. बाकीच्या बऱ्याच तक्रारींच्या मुळाशी पाप असते आणि त्यावर बायबल जाणणारा पाळक पुरेसा आहे, अशी त्यांची मांडणी. ज्या चर्चमध्ये हा विचार रुजला, तिथे बाहेरच्या तज्ज्ञाचे नाव सुचवणे म्हणजे श्रद्धेत उणे पडणे, असा समज पसरला.

‘नॅली विरुद्ध ग्रेस कम्युनिटी चर्च’ हा खटला याच वातावरणातला. लॉस एंजेलिस परिसरातील या चर्चच्या पाळकांशी सल्लामसलत करणाऱ्या नॅली या 24 वर्षांच्या तरुणाने एप्रिल 1979 मध्ये आत्महत्या केली. त्याआधी काही आठवड्यांपूर्वी जास्त गोळ्या घेतल्यामुळे तो रुग्णालयात होता. मुलाला वेळीच मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवण्यात पाळकांनी हयगय केली, असा दावा आईवडिलांनी 1980 मध्ये लावला. प्रकरण आठ वर्षे खालच्या आणि वरच्या न्यायालयांत फिरत राहिले. अपील न्यायालयाने दोनदा आईवडिलांच्या बाजूने कौल दिला. अखेर नोव्हेंबर 1988 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल चर्चच्या बाजूने लावला.

मुख्य न्यायाधीश माल्कम लूकस यांनी लिहिलेल्या निकालपत्राचा गाभा असा: व्यावसायिक उपचारक नसलेल्या सल्लागारावर, मग तो पाळक असो वा अन्य कोणी, समोरच्याला तज्ज्ञाकडे पाठवण्याचे कायदेशीर बंधन नाही. आत्महत्या रोखण्याची जबाबदारी याआधी ज्या खटल्यांत मान्य झाली होती, तिथे रुग्ण रुग्णालयाच्या ताब्यात होता. राज्याच्या विधिमंडळाने धर्मगुरूंना परवान्याच्या अटीतून वगळले आहे, आणि नवे बंधन लादले तर लोकांना सहज मिळणारी मदत आटेल, असेही न्यायालयाने म्हटले. न्या. मार्कस कॉफमन यांनी निष्कर्ष मान्य केला, पण कारणे वेगळी दिली. समुपदेशनाचे नाते जोडल्यावर, धोका दिसला तर तज्ज्ञाकडे जाण्याचा सल्ला देणे हे कर्तव्यच ठरते. या प्रकरणात मात्र तो तरुण डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या संपर्कात आधीच आला होता, त्यामुळे कर्तव्यभंग सिद्ध होत नाही, असे त्यांचे मत. कॉफमन यांची ही भूमिका जास्त पटते. बहुमताच्या निकालाने पाळकांना नुकसानभरपाईच्या भीतीतून सोडवले, पण त्यांनी नेमके काय करावे हा प्रश्न जिथल्या तिथे राहिला.

प्रत्यक्षात अडचणी कायद्याच्या नसून नात्याच्या असतात. मंडळीतल्या माणसाला ‘डॉक्टरांना भेटा’ म्हटले की आपल्याला पाळकाने दूर लोटले असे वाटू शकते. म्हणून चिठ्ठी लिहून हात झटकण्यापेक्षा पहिल्या भेटीला सोबत जाणे, नंतरही प्रार्थना आणि घरभेटी चालू ठेवणे जास्त उपयोगी पडते. कॅथलिक धर्मगुरूंपुढे आणखी एक पेच असतो. पापनिवेदनाच्या संस्कारात ऐकलेले उघड करण्यास चर्चच्या कायद्याच्या कलम 983 ने पूर्ण मनाई आहे. त्यामुळे फादर कुटुंबाला किंवा डॉक्टरला स्वतःहून काही कळवू शकत नाही. तिथेच त्या व्यक्तीला उपचारासाठी आग्रह करणे, आणि हेच बोलणे संस्काराबाहेर पुन्हा बोलायला ये असे विनवणे, एवढेच त्याच्या हाती उरते.

अलीकडे हवा बदलली आहे. सॅडलबॅक चर्चचे तेव्हाचे पाळक रिक वॉरन यांच्या मुलाने 2013 मध्ये आत्महत्या केली. पुढच्याच वर्षी त्या चर्चने ऑरेंज येथील कॅथलिक धर्मप्रांतासह मानसिक आरोग्यावर मोठी परिषद भरवली. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या प्रतिष्ठानाने 2016 मध्ये खास धर्मगुरूंसाठी मार्गदर्शिका काढली.

भारतात तज्ज्ञाकडे पाठवण्याचा हा विचार दर्ग्यांतही दिसतो. तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या आश्रयगृहाला 6 ऑगस्ट 2001 रोजी आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेले 28 मनोरुग्ण होरपळून मेले. या दुर्घटनेनंतर असे दर्गे बंद करावेत की त्यांच्याशी जुळवून घ्यावे, अशी चर्चा झाली. गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यात उनावा येथील मीरा दातार दर्ग्याने दुसरा मार्ग धरला. महाराष्ट्रातूनही भाविक जिथे जातात, त्या दर्ग्याच्या आवारातच ‘दवा आणि दुआ’ या नावाने मानसोपचार केंद्र चालते. मुजावरांना लक्षणे ओळखण्याचे शिक्षण दिले जाते आणि ते भाविकाला दुआ सांगून, दवेसाठी डॉक्टरकडेही पाठवतात. भाविकाला श्रद्धा सोडावी लागत नाही, म्हणून तो डॉक्टरकडे जातो.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 ने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी घातली आणि निराधार मनोरुग्णांबाबत पोलिसांवर जबाबदारी टाकली. धर्मगुरूंनी रुग्णाला तज्ज्ञाकडे पाठवलेच पाहिजे, असे मात्र त्यात कुठे म्हटलेले नाही. केंद्र शासनाची टेली-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर मराठीतही उपलब्ध आहे.