मेळघाटातील वणवे

अमरावती जिल्ह्याच्या उत्तर भागात, सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगांत पसरलेल्या मेळघाटच्या अरण्यात उन्हाळ्यात लागणाऱ्या आगी व त्या रोखण्याची व्यवस्था. १९७३ मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ अरण्यांत मेळघाटचा समावेश होता. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरला जातो.

परिस्थिती : मेळघाट हे सागप्रधान शुष्क पानझडी वन आहे. सागाबरोबर ऐन, धावडा, सालई, तेंदू, मोह व बांबू येथे आढळतात. हिवाळ्याच्या अखेरीस पानगळ होते आणि जमिनीवर वाळलेल्या पाचोळ्याचा थर साचतो. पावसाळ्यात वाढलेले गवत याच सुमारास वाळते. घाणेरीची दाट झुडपे आणि फुलोऱ्यानंतर वाळलेली बांबूची बेटे या जळणात भर घालतात. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो, हवा कोरडी होते आणि दुपारी वारा सुटतो. उतारावर आग वर चढताना पुढचे गवत ज्वाळांच्या धगीने आधीच तापलेले असते. त्यामुळे सपाटीपेक्षा चढावर ती वेगाने धावते. येथील आग बहुधा जमिनीलगतची असते, शेंड्यांपर्यंत क्वचितच पोहोचते. मात्र पोकळ जुने झाड पेटले की ते धुराड्यासारखे जळत राहते आणि त्यातून उडालेल्या ठिणग्या पलीकडचा पाचोळा पेटवतात.

कारणे : बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले पहाटे गळून पडतात. पाचोळ्यात ती शोधणे जिकिरीचे असते, म्हणून वेचणारे झाडाखालचा पाचोळा जाळतात. काळ्या जमिनीवर पिवळसर फूल चटकन दिसते. ही आग विझवली नाही तर जंगलात शिरते. तेंदूला कोवळी पाने फुटावीत, गुरांना नवे गवत मिळावे म्हणूनही आग लावली जाते. शेताचे धुरे जाळणे आणि पेटती विडी टाकणे ही आणखी कारणे होत.

परिणाम : सागासारखी जाड सालीची मोठी झाडे वाचतात, पण बियांतून नुकतीच उगवलेली रोपे होरपळतात. दरवर्षी तोच भाग जळत राहिला तर जंगलाची पुढची पिढी उभी राहत नाही. उघडी पडलेली माती पहिल्या पावसात वाहून जाते. जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्यांची अंडी, सरपटणारे प्राणी व कीटक नष्ट होतात. नामशेष समजला गेलेला रानपिंगळा १९९७ मध्ये शहादा परिसरात पुन्हा सापडला; मेळघाटातही त्याचे वास्तव्य आहे. तो झाडांच्या ढोलीत घरटे करतो, त्यामुळे जुनी पोकळ झाडे जळणे ही त्याच्यासाठी थेट हानी ठरते.

प्रतिबंध : जाळरेषा हा मुख्य उपाय. वनकक्षांच्या सीमा व रस्त्यांलगतच्या पट्ट्यांतील गवत कापून, वाळवून हंगामापूर्वी देखरेखीखाली जाळतात. जळण्याजोगे काहीच न उरल्याने आग तेथे अडते. हंगामात मजूर नेमून गस्त घातली जाते, टेहळणी मनोऱ्यांवरून धुरावर नजर ठेवतात. देहरादूनचे भारतीय वन सर्वेक्षण २००४ पासून उपग्रहांच्या साहाय्याने आगीची ठिकाणे वनविभागांना कळवते. जागेवर मात्र हिरव्या डहाळ्यांनी झोडपून व ब्लोअरने पाचोळा हटवून आग विझवावी लागते. आग मोठी असल्यास जाणकार कर्मचारी समोरून उलटी आग लावतात, म्हणजे मधले जळण आधीच संपते.

कायदा व लोकसहभाग : भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये राखीव वनात आग लावणे गुन्हा आहे; वनातून सवलती घेणाऱ्यांवर आगीची खबर देण्याचे व ती विझवण्यास मदत करण्याचे बंधनही आहे. वनहक्क कायदा, २००६ ग्रामसभेला वनरक्षणाचे अधिकार देतो. येथील कोरकू आदिवासी कुटुंबांची उपजीविका मोह व तेंदूवर अवलंबून असल्याने केवळ शिक्षेच्या भीतीने वणवे थांबणार नाहीत. झाडाखालचा पाचोळा झाडून बाजूला करणे किंवा जाळी अंथरून फुले गोळा करणे, हे आगीविना वेचणीचे साधे मार्ग आहेत. उपग्रहाचा संदेश येतो तेव्हा आग लागून गेलेली असते. म्हणून जाळरेषांचा निधी, मजुरांची नेमणूक आणि गावोगावच्या ग्रामसभांशी बोलणी ही कामे मोह फुलण्याआधी, हिवाळ्यातच पूर्ण होणे अत्यावश्यक आहे.