मातेचे गांजासेवन आणि अपत्याचे आरोग्य : एका प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
गांजा, भांग व चरस यांचा भारतीय समाजाशी जुना संबंध आहे. तथापि गर्भवती व स्तनदा मातेने त्यांचे सेवन केल्यास अपत्यावर कोणते परिणाम होतात, याचा शास्त्रीय अभ्यास मात्र अलीकडचा आहे. हा प्रश्न कसा पुढे आला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

वसाहतकालीन चौकशी :
१८९३ मध्ये ब्रिटिश सरकारने डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगाने ११९३ साक्षी नोंदविल्या आणि माफक सेवन अपायकारक नसल्याचा निष्कर्ष १८९४ मध्ये काढला. सेवन करणाऱ्याच्या संततीवर परिणाम होतो काय, असा प्रश्न प्रश्नावलीत होता. परंतु तो आनुवंशिकतेच्या अंगाने विचारला गेला. गर्भवती स्त्री हा स्वतंत्र विषय मानला गेला नाही.

प्रयोगशाळा ते पाळणा :
१९६४ मध्ये मेशुलाम व गाओनी यांनी इस्रायलमध्ये टीएचसी हा मुख्य मादक घटक वेगळा केला. तो मेदात विरघळतो व वारेतून गर्भापर्यंत पोहोचतो. १९८२ मध्ये तो मातेच्या दुधातही आढळला. २०१८ च्या एका अमेरिकी अभ्यासात ५० स्त्रियांच्या दुधाचे ५४ नमुने तपासले असता ६३ टक्के नमुन्यांत टीएचसी सापडले. शेवटच्या सेवनानंतर सहा दिवसांपर्यंत त्याचे अस्तित्व दिसून आले.

परस्परविरोधी निष्कर्ष :
पीटर फ्राइड यांनी १९७८ मध्ये कॅनडातील ओटावा येथे गर्भावस्थेपासून मुलांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. गांजाचे अधिक सेवन करणाऱ्या मातांच्या मुलांत तिसऱ्या वर्षी न दिसलेला फरक चौथ्या वर्षी भाषिक क्षमता व स्मरणशक्ती यांत दिसून आला. याउलट जमैकाच्या ग्रामीण भागातील मेलनी ड्रेहर यांच्या १९९४ च्या अभ्यासात एक महिन्याच्या बालकांवर अनिष्ट परिणाम आढळले नाहीत. तेथील गांजा सेवन करणाऱ्या मातांची सामाजिक व आर्थिक स्थिती याचे कारण असावी, असे संशोधकांनीच सुचविले. म्हणजेच तंबाखू, दारिद्र्य व पोषण यांपासून गांजाचा परिणाम वेगळा काढणे हीच खरी अडचण होती. २०१९ मध्ये ओंटारिओतील सुमारे ६ लाख ६१ हजार गर्भवतींच्या नोंदींवर आधारित अभ्यासात असे घटक जुळवून घेतल्यावरही मुदतपूर्व प्रसूतीचे प्रमाण ७.२ ऐवजी १०.२ टक्के आढळले.

निष्कर्ष :
१८९४ च्या अहवालातील मौन म्हणजे निर्धोकपणाचा दाखला नव्हे. जो प्रश्न विचारलाच गेला नाही, त्याचे उत्तर मिळणे शक्य नव्हते. भारतात १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याच्या व्याख्येतून भांगेची पाने वगळलेली आहेत. त्यामुळे प्रसूतिपूर्व तपासणीत या सेवनाची विचारणा होणे अगत्याचे ठरते. ती मातेला दोषी न ठरवता व्हावी. शिक्षेच्या धास्तीने माता गप्प राहिली, तर तो प्रश्न पुन्हा अनुत्तरितच राहील आणि त्याची किंमत बालकाला मोजावी लागेल.