शाहू छत्रपती आणि कोल्हापूरची कुस्ती : पालक, पारखी व संयोजक

राजर्षी शाहू छत्रपती (२६ जून १८७४ – ६ मे १९२२) : करवीर संस्थानचे अधिपती व समाजसुधारक. आरक्षण, सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आणि विद्यार्थी वसतिगृहे यांमुळे त्यांचे नाव इतिहासात अजरामर झाले. मल्लविद्येच्या क्षेत्रातील त्यांचे कार्य मात्र बहुधा ‘राजाचा शौक’ एवढ्याच शब्दांत उरकले जाते. प्रत्यक्षात कोल्हापूर ‘कुस्तीची पंढरी’ ठरले ते या शौकामागे असलेल्या शिस्तबद्ध व्यवस्थेमुळे.

व्यावसायिक कुस्तीत मल्लाच्या पाठीशी तीन माणसे उभी असावी लागतात. त्याचा खर्च व व्यवहार सांभाळणारा व्यवस्थापक, त्याला घडविणारा प्रशिक्षक आणि लढत ठरवून प्रेक्षक जमविणारा संयोजक. पाश्चात्त्य देशांत ही तिन्ही कामे पैशाच्या व्यवहारातून उभी राहिली. कोल्हापुरात सुमारे पाव शतक ती एकाच व्यक्तीच्या छत्राखाली चालली, आणि ते छत्र हरपल्यावर या तिन्ही कामांची किंमत मल्लांना कळून आली.

घडण

कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव हे १७ मार्च १८८४ रोजी दत्तक विधानाने कोल्हापूरच्या गादीवर आले. राजकोट येथील राजकुमार महाविद्यालयात आणि पुढे धारवाड येथे त्यांचे शिक्षण झाले. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली. धिप्पाड देहयष्टी, शिकारीचे वेड आणि व्यायामाची आवड या गोष्टी त्यांच्या अंगी तरुणपणापासूनच होत्या. तरुणपणी स्वतः मातीत उतरलेले असल्यामुळे मल्लाची पारख करताना त्यांना दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबून राहावे लागत नसे.

पालक

पैलवानकी हा अत्यंत खर्चिक व्यवसाय. पहाटे उठून जोर, बैठका, सपाट्या मारणारा आणि दोन्ही वेळा लढतीचा सराव करणारा तरुण दुसरे काम करू शकत नाही. उलट दूध, तूप, बदाम, थंडाई असा त्याचा खुराक सामान्य शेतकरी कुटुंबाला परवडणारा नसतो. एखादे दुखणे किंवा एखादा मोडलेला सांधा अनेक वर्षांची मेहनत वाया घालवू शकतो. अशा वेळी अंगभूत गुणांइतकेच महत्त्व पोटापाण्याच्या खात्रीला येते.

महाराजांनी ही खात्री दिली. गुणी मल्लांना संस्थानचा आश्रय मिळाला. उत्तर हिंदुस्थानातील, विशेषतः पंजाबातील नामांकित मल्ल कोल्हापुरात येऊन राहू लागले. त्यांच्याबरोबर त्यांचे डाव, त्यांची मेहनतीची पद्धत आणि त्यांचा खुराकही आला. स्थानिक तरुणांना त्यांच्याशी लढत करण्याची संधी मिळाली. पंजाबची ताकद आणि दक्षिणेची चपळाई यांचा मिलाफ कोल्हापूरच्या मातीत झाला, असे जुने वस्ताद सांगत.

या आश्रयाला सामाजिक बाजूही होती. तालमीच्या हौद्यात दोन मल्लांची अंगे एकमेकांस भिडतात. तेथे शिवाशिव पाळणे अशक्य असते. महाराजांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील तरुणांना कुस्तीत उत्तेजन दिले आणि त्यांच्या नावापुढे जातिवाचक उल्लेख येऊ नये म्हणून त्यांना ‘जाट’, ‘सरदार’, ‘पंडित’ अशी बिरुदे दिली. २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणाऱ्या राजाने आखाड्यातही तेच धोरण चालविले होते.

पारखी

तालमीचा प्रमुख तो वस्ताद. हौद्यातील तांबडी माती चाळून तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबाचा रस मिसळण्यापासून ते कोणत्या मुलाला कोणता डाव साधेल हे ठरविण्यापर्यंत सर्व जबाबदारी त्याची. उंच व लांब हातापायांच्या मुलाला ढाक किंवा कलाजंग शिकवायचा, बुटक्या व भक्कम बांध्याच्या मुलाला घिस्सा किंवा पटात शिरणे शिकवायचे, ही निवड वस्तादाची नजर करते. मल्लाला कधी मैदानात उतरवायचे आणि कधी मागे ठेवायचे, हा निर्णयही त्याचाच. अवेळी बलाढ्य प्रतिस्पर्ध्यासमोर उभा केलेला मुलगा मनाने खचतो आणि पुन्हा उभा राहत नाही, हे त्याला ठाऊक असते.

कोल्हापुरात मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी यांसारख्या तालमींनी ही परंपरा जोपासली. पेठेपेठेतील तालीम केवळ व्यायामाची जागा राहिली नाही. उत्सव, भांडणतंटे, मदतकार्य या सर्वांचे ते केंद्र झाले. शहरातील फुटबॉल संघांनी पुढे पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम ही नावे धारण केली, यावरून या संस्थेचा पगडा ध्यानात यावा.

संयोजक : खासबाग मैदान

१९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी महाराज इंग्लंडला गेले. त्या प्रवासात रोम येथील प्राचीन क्रीडागार त्यांच्या पाहण्यात आले आणि तशाच धर्तीवर कुस्तीसाठी मैदान बांधण्याची कल्पना त्यांच्या मनात रुजली. १९०७ च्या सुमारास काम सुरू झाले आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान पूर्ण झाले. मध्यभागी हौदा व सभोवार चढत जाणारी वर्तुळाकार बैठक, अशी त्याची रचना. हजारोंच्या गर्दीत सर्वांत मागे बसलेल्यालाही मल्लाचा पाय कोठे अडकला आहे हे दिसावे, हा तिचा हेतू. उघड्या माळावर गर्दीत उभे राहून पाहिल्या जाणाऱ्या कुस्तीला या वास्तूने प्रेक्षागार दिले. मैदानाला लागूनच महाराजांनी पॅलेस थिएटर उभारले. तेच पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह झाले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री लागलेल्या आगीत ते भस्मसात झाले, तेव्हा कोल्हापूरकरांनी घरातील माणूस गेल्यासारखा शोक केला.

संयोजकाचे खरे कौशल्य वास्तूत नसून ‘जोड’ लावण्यात असते. वय, वजन, नाव, मागील लढतींचे निकाल हे सर्व तोलून दोन मल्ल समोरासमोर आणावे लागतात. जोड विषम झाली तर कुस्ती क्षणात संपते आणि प्रेक्षक नाराज होतो. दोघेही सावध असतील तर खडाखडीतच तास निघून जातो आणि कुस्ती बरोबरीत सोडवावी लागते. काटाजोड लढतीसाठीच प्रेक्षक कोसांवरून येतो. दोन्ही मल्लांनी आधीच संगनमत करून खेळलेली कुस्ती म्हणजे ‘नूरा’. मराठी आखाड्यात हा शब्द शिवीसारखाच वापरला जातो. संस्थानच्या मैदानावर उभा राहणारा मल्ल राजाच्या डोळ्यांसमोर लढत असे. जोड लावणाराच कुस्तीचा जाणकार असल्याने फसवणुकीला वाव कमी होता.

लंडनची तुलना

खासबागेचे बांधकाम चालू असतानाच हिंदी मल्लांनी व्यावसायिक कुस्तीचे पाश्चात्त्य रूप अनुभवले. १९१० मध्ये बंगालमधील धनिक शरत्कुमार मित्र यांच्या द्रव्यसाहाय्याने आणि बेंजामिन या संयोजकाच्या व्यवस्थापनाखाली गामा, त्याचा भाऊ इमामबक्ष व अन्य मल्ल लंडनला गेले. उंची कमी म्हणून गामाला प्रारंभी स्पर्धेत स्थान मिळेना. तेव्हा नाट्यगृहातून जाहीर आव्हाने देऊन त्याचे नाव गाजविण्यात आले. ऑगस्टमध्ये गामाने अमेरिकेच्या डॉ. रोलरला हरविले. सप्टेंबरमध्ये इमामबक्षने स्वित्झर्लंडच्या जॉन लेमला लोळविले. १० सप्टेंबर रोजी पोलंडच्या झिबिस्कोशी गामाची लढत अडीच तासांहून अधिक चालली व अनिर्णीत राहिली. १७ सप्टेंबरला पुन्हा लढत ठरली, परंतु झिबिस्को आलाच नाही.

लंडनमध्ये मल्लाचे सामर्थ्य सिद्ध होण्याआधी त्याची जाहिरात व्हावी लागली. खर्च करणारा एक, व्यवहार पाहणारा दुसरा आणि आखाडा तिसऱ्याचा, अशी तेथील मांडणी होती. दोनच वर्षांनी, १९१२ मध्ये, खासबाग मैदानातील पहिली मोठी कुस्ती झाली ती याच इमामबक्षची, गुलाम मोहिद्दीनशी. येथे त्याला जाहिरातीची गरज नव्हती. यजमान, पारखी आणि मैदानाचा धनी एकच होता.

छत्र हरपल्यानंतर

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातही कुस्तीचा राजाश्रय चालू राहिला. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि ही व्यवस्था संपुष्टात आली. तिच्या अभावाचा अर्थ काय, हे खाशाबा जाधव यांच्या दोन ऑलिम्पिक वाऱ्यांवरून स्पष्ट होते.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९४८ मध्ये लंडन ऑलिम्पिकला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या अर्थसाहाय्याने. मातीत वाढलेल्या या मल्लाने तेथे रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली गादीवरील कुस्तीचे धडे घेतले आणि फ्लायवेट गटात सहावा क्रमांक मिळविला. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्याची वेळ आली तेव्हा संस्थान उरले नव्हते. सरकारदरबारी केलेल्या विनंत्यांना पुरेसा प्रतिसाद मिळाला नाही. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक होय. जी जबाबदारी एका संस्थानाने सहज उचलली असती, ती एका शिक्षकाने आपल्या घराच्या मोबदल्यात उचलली.

संघटना, शासन आणि गल्ला

राजाश्रयाची जागा पुढे तीन निरनिराळ्या शक्तींनी घेतली. पहिली, संघटना. १९५३ मध्ये मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली आणि १९६१ पासून ‘महाराष्ट्र केसरी’ किताबाची परंपरा सुरू झाली. पहिले मानकरी दिनकर दह्यारी. दरम्यान कोल्हापूरच्या तालमी आपले काम करीतच होत्या. सीमाभागातील एकसंबा येथील श्रीपती खंचनाळे यांनी १९५९ मध्ये, तर गणपतराव आंदळकर यांनी १९६० मध्ये ‘हिंद केसरी’ किताब पटकावला. आंदळकरांनी १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण व रौप्य अशी दोन पदके मिळविली आणि उर्वरित आयुष्य मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून वेचले. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

दुसरी शक्ती, शासन. मुंबई उपनगरातील जोगेश्वरीत वाढलेला नरसिंग यादव कांदिवलीच्या भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात घडला आणि २०११ ते २०१३ असा सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी ठरला. दुधाचा रतीब घालणारा राजा नसलेल्या महानगरात सरकारी वसतिगृह व सरकारी प्रशिक्षक यांनी ते काम केले.

तिसरी शक्ती, गल्ला. मुंबईत दारासिंग व किंग काँग यांच्या लढतींनी तिकीट काढून येणारा मोठा प्रेक्षकवर्ग निर्माण केला. २९ मे १९६८ रोजी दारासिंग यांनी मुंबईतच अमेरिकेच्या लू थेझला हरविले. पुण्याच्या बालेवाडी क्रीडानगरीत चित्रित झालेली ‘रिंग का किंग’ ही दूरचित्रवाणी मालिका २०१२ मध्ये प्रसारित झाली. अमेरिकी पद्धतीची, कथानकावर बेतलेली ही कुस्ती एका पर्वानंतर थांबली. यात्रेतील कुस्तीला आजही गर्दी करणाऱ्या प्रेक्षकाला ती परकी वाटली असल्यास नवल नाही. नाट्य त्यालाही हवे असते, पण निकाल मातीनेच द्यावा, असा त्याचा आग्रह असतो.

मूल्यमापन

शाहू महाराजांच्या कार्यातील उणीव त्यांच्या यशातच दडलेली आहे. सर्व सूत्रे एका व्यक्तीच्या हाती असल्याने व्यवस्था कार्यक्षम झाली, परंतु ती त्या गादीवर अवलंबून राहिली. मल्लाच्या खुराकाची, दुखापतीची व उतारवयाची तरतूद करणारी स्वयंपूर्ण संस्था तिच्यातून उभी राहिली नाही. लाखांची बक्षिसे लागणाऱ्या मैदानांच्या काळातही वयाची पस्तिशी ओलांडलेल्या मल्लापुढे तोच जुना प्रश्न उभा राहतो.

तरीही तालमींची जी मुळे त्या काळात रुजली ती टिकली. २०२२ मध्ये साताऱ्यात पृथ्वीराज पाटील याने दोन दशकांहून अधिक काळानंतर महाराष्ट्र केसरीची गदा कोल्हापूरला आणली. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ती सिकंदर शेख या सोलापूर जिल्ह्यातील मल्लाने जिंकली. त्याच्या हमाल वडिलांनी काबाडकष्ट करून मुलाला पैलवान केले आणि त्याला घडविले ते कोल्हापूरच्या गंगावेश तालमीने. गरीब घरातील मुलाने दुरून यावे आणि त्याची जात, धर्म किंवा गाव न विचारता वस्तादाने त्याला हौद्यात उतरवावे, हा शाहू महाराजांनी घालून दिलेला पायंडा कोल्हापूरच्या मातीने मोडलेला नाही.