‘क’ची किंमत उणे ७७

संगणकावरच्या देवनागरीचा इतिहास लिहिताना टंक, कळफलक आणि जोडाक्षरे यांची चर्चा नेहमी होते. मला एका ओळीच्या सूत्राबद्दल लिहायचे आहे. ते बेल प्रयोगशाळेच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत, म्हणजे १९७९ साली, ‘सी’ भाषेत सापडते. समोरचे चिन्ह अक्षर आहे की नाही, एवढेच ते सांगते.

संगणकाच्या लेखी अक्षर म्हणजे आकडा. तो घ्यायचा, तक्त्यातले त्या क्रमांकाचे घर उघडायचे, तिथली खूण वाचायची. हे सूत्र ‘मॅक्रो’ आहे, म्हणजे त्याचा मजकूर प्रोग्राममध्ये जसाच्या तसा चिकटवला जातो. आकडा कोणत्या जातीचा, हे दारात कोणी विचारत नाही. तक्त्यात घरे १२९ : ‘आस्की’ संकेतातल्या १२८ चिन्हांची, आणि मजकूर संपल्याची खूण असलेल्या उणे १साठी सुरुवातीला एक जादा. इंग्रजीचे त्यात भागत होते. नियमपुस्तिकेत तशी अटही होती, त्यामुळे कर्त्यांना दोष देणे मला पटत नाही.

ग्यानबाची मेख यंत्रात आहे. ‘सी’ ज्या पीडीपी-११वर घडली, ते यंत्र आठ बिटांचा आकडा मोठ्या जागेत उचलताना त्याचे पहिले बिट अधिक-उणेची खूण समजे. १२७पर्यंतचे आकडे सुखरूप पोचत. पुढचे सगळे ऋण होत. कर्निघन आणि रिची यांच्या १९७८च्या पुस्तकाने हा प्रश्न ज्या त्या यंत्रावर सोपवला.

भारतीय लिप्यांसाठीच्या ‘इस्की’ने, १९९१च्या मानकाने, आस्कीला धक्का न लावता वरचा अर्धा भाग वापरला. त्यात ‘क’चा क्रमांक १७९. आठ बिटांत अधिक-उणे मानले, तर १७९ म्हणजे उणे ७७. मग सूत्र तक्त्याच्या मागे, बाहेर जाते आणि तिथे मेमरीत जे पडले असेल त्यावरून ‘क’ अक्षर आहे की नाही ते ठरवते. व्यंजनमालेतल्या पहिल्या मानकऱ्याची ही गत!

यावरचा उपाय म्हणजे आकडा आधी बिनचिन्ही करून घेणे. पण तो आठ बिटांचाच हवा. घाईने बत्तीस बिटांचा केला, तर उणे ७७चे ४२९४९६७२१९ होतात आणि रोगापेक्षा औषध जालीम ठरते.

युनिकोडने हे संपवले, असा समज आहे. युटीएफ-८मध्ये ‘क’ म्हणजे २२४, १६४, १४९ : तिन्ही १२७च्या वर. इंटेलच्या यंत्रांवर ते सहसा ऋण होतात, एआर्मवरच्या लिनक्समध्ये सहसा होत नाहीत. म्हणून एकच प्रोग्राम दोन ठिकाणी दोन तऱ्हेने वागू शकतो. ग्नूच्या सी-संग्रहाने तक्ताच मागे उणे १२८पर्यंत वाढवला, चुकीच्या दाराने येणाऱ्यांसाठी मागे ओसरी काढावी तसा. २५५ मात्र तिथेही अडतो, कारण तो उणे १ होऊन मजकूर संपल्याची खूण ठरतो. युरोपीय लॅटिन-१ संकेतात तिथे दोन टिंबांचा ‘वाय’ आहे. युटीएफ-८मध्ये २५५ येतच नाही, म्हणून त्या एका तडाख्यातून आपण वाचलो.